गुरुवारचे मळके कपडे

पुरस्कारांचे अर्ज लिहिणं हे माझं काम. कोणी विचारलंच तर मी सांगते, कॉलेजच्या ऑफिसात असते, आणि विषय बदलते. खरं सांगितलं तर लोक हसतात, म्हणतात, म्हणजे स्वतःची पाठ स्वतः थोपटायचं खातं की काय. आता काय सांगायचं, आहेच ते तसं. आमचं कॉलेज नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांमधलं, दोन वर्षांचं. वेल्डिंग, नर्सिंग, ट्रॅक्टरदुरुस्ती, आणि ज्यांची शाळा मधेच सुटली त्यांच्यासाठी बारावीच्या तोडीची परीक्षा. मोठी विद्यापीठं आम्हाला हिंग लावून विचारत नाहीत. म्हणून आमच्यासारख्या कॉलेजांसाठी वेगळे पुरस्कार असतात, 'नवी वाट' वगैरे नावांचे, आणि दर हिवाळ्यात माझ्यासारख्या कितीतरी बायका देशभर खुर्चीला चिकटून आपापल्या कॉलेजच्या वराती सजवत बसतात. घोडा नसला तरी वरात काढायची, ही त्यातली कला.

त्या वर्षी मात्र माझ्याकडे घोडा होता.

कॉलेजपासून तासाभराच्या अंतरावर हॅडली नावाचं गाव आहे. तिथे कोरीन टेसार ही आमची शिक्षिका दर गुरुवारी दुपारी वर्ग घ्यायची, आणि घ्यायची कुठे, तर लॉन्ड्रीत. नाणी टाकून आपले कपडे आपण धुवायचे, तसली लॉन्ड्री. आधी ती चर्चच्या तळघरात वर्ग घ्यायची, तिथे कुत्रं फिरकत नव्हतं. मग तिच्या ध्यानात आलं की ज्या बायकांसाठी आपण इथे वाट बघत बसलोय त्या सगळ्या समोरच्या लॉन्ड्रीत भिंतीकडे बघत बसल्यात. ती फळा न घेताच तिकडे गेली आणि मशीनच्या झाकणांवर पेनने गणितं लिहायला लागली. मशीन कपडे धुतंय तोवर धडा. ड्रायर फिरतोय तोवर सोडवायची उदाहरणं. घड्या घालताना तोंडी प्रश्न. मशीन थांबलं की धडा थांबला, मग वाक्य अर्धं असेना का. लॉन्ड्रीचा मालक गेलन आधी कुरकुरला, नंतर तोच अपूर्णांक शिकला.

आणि लोक पास व्हायला लागले. खाटीकखान्यात काम करणारी युलालिया दोन विषय पास झाली, तिचा नवराही झाला.

तर एवढं चांगलं चाललं होतं म्हणजे ते बंद करायची वेळ आलीच. आमच्या कॉलेजचं बोर्ड निवडून आलेल्या लोकांचं. कोणी बियाण्यांचा व्यापारी, कोणी दातांचा डॉक्टर. उंटावरून शेळ्या हाकणारी मंडळी. त्यांच्यापुढे वर्षाच्या शेवटी कागद गेला की हॅडलीच्या वर्गात डोकी कमी, वाहनखर्च जास्त. बोर्डाचे अध्यक्ष डेल्मर स्टूर म्हणाले, उन्हाळ्यापासून बंद करू, ज्यांना शिकायचंय ते इकडे येतील की. कॉलेजचे प्रमुख डॉक्टर हॅस्किन्स हा मनाने सोन्यासारखा माणूस, पण भांडण म्हटलं की ते पाय काढता घेतात. ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मार्लिस, ह्या वर्गाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तर बोर्डाला तो बंद करायची लाज वाटेल. नाही मिळाला तर मला तरी दुसरं काही सुचत नाही."

अर्ज लिहायच्या आधी मी वर्ग बघायला गेले. तिथे मला रेनाटा कोवारिक भेटली. चाळिशीची, उंच, लाल हातांची बाई. लॉन्ड्रीच्या मागच्या गल्लीतच तिचं घर. नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवतो, शनिवार-रविवारपुरता घरी. चारातले तीन विषय तिने ह्या बाकांवर बसून सोडवले होते. गणित तेवढं उरलं होतं. ते सुटलं की जिल्ह्याच्या हॉस्पिटलमध्ये शनिवार-रविवारी चालणाऱ्या नर्सिंगच्या वर्गाला तिला जागा मिळणार होती. मी तिला सहज म्हटलं, इथला वर्ग बंद झाला तर तू आमच्याकडे येशील ना, तासाभराचा तर रस्ता. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी अडाण्यासारखं बोलले असावे. "मला घरापासून मशीन धुऊन होईपर्यंतच लांब राहता येतं," ती म्हणाली, "त्याच्या वर नाही." का, ते तिने सांगितलं नाही, आणि आमच्याकडे कोणी कोणाला दोनदा विचारत नाही.

घरी येऊन मी अर्ज लिहिला. त्या अर्जात एक प्रश्न ठरलेला असतो, हा उपक्रम इतरत्र राबवता येईल का. त्यावर मी एकच ओळ लिहिली: जिथे जिथे मळके कपडे आहेत, तिथे तिथे. हॅस्किन्स साहेबांनी ती खोडली आणि त्या जागी 'परिवर्तनशील' असा एक शब्द घातला. मी तो शब्द काढला आणि माझी ओळ परत लिहून अर्ज धाडून दिला.

आणि काय सांगू, आमची निवड शेवटच्या फेरीसाठी झाली. पत्रात लिहिलं होतं की दोन परीक्षक येत्या मार्चमध्ये प्रत्यक्ष वर्ग बघायला येतील. कोरीनने वर्गात सगळ्यांना निक्षून सांगितलं, काहीही वेगळं करू नका, नेहमीसारखेच या.

इथेच घात झाला. आमच्या भागात 'काही वेगळं करू नका हं' असं सांगितलं की लोक दोन दिवस आधीपासून घर घासायला काढतात. पाहुणा येणार म्हटल्यावर ज्या खोलीत तो पाऊलही टाकणार नाही तिथले पडदेसुद्धा धुतले जातात. हे मला माहीत होतं, कोरीनलाही माहीत होतं, आम्ही काय परगावच्या आहोत? पण आमच्या डोक्यात आलं नाही ते नाहीच.

त्या गुरुवारी मी परीक्षकांना गाडीतून घेऊन हॅडलीला पोचले. एक उंच वयस्कर गृहस्थ, प्रोफेसर होते कुठेतरी, आणि एक चष्मेवाल्या बाई. दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. लॉन्ड्री अशी लखलखत होती की तिथे शस्त्रक्रिया करता आली असती. गेलनने मशीनवर कागदाची फुलं चिकटवली होती. झाकणांवर टेबलक्लॉथ, त्यावर कोलाची म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, दालचिनीचे रोल. आणि भिंतीकडेने सगळा वर्ग चर्चला जायच्या कपड्यांत, पाय जुळवून, फोटोला बसल्यासारखा बसला होता. युलालियाने केसांत फीत बांधली होती. एकही टोपली नाही. एकही मोजा नाही. सगळी मशीनं गप्प.

परक्या माणसांसमोर आपले मळके कपडे कोण बाहेर काढेल? सगळ्यांनी ते आदल्या दिवशी घरी टबात, बहिणीकडे, जावेकडे, जमेल तिथे धुऊन टाकले होते.

दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं. कोरीनचा चेहरा पांढरा पडला होता. तिने धडा सुरू केला, पण मशीनच फिरत नव्हतं तर धडा कुठे सुरू करायचा आणि कुठे संपवायचा हे तिलाच कळेना. टेबलक्लॉथवर गणित लिहिता येत नव्हतं. लोक पाहुण्यांच्या धाकाने 'होय बाई, नाही बाई' करत होते. चष्मेवाल्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. प्रोफेसर सौजन्याने कोलाची खात होते. शेवटी त्यांनी बोटं पुसली आणि विचारलं, "तुमच्या अर्जात एक ओळ होती, मला फार आवडली होती. जिथे मळके कपडे आहेत तिथे. ते कपडे कुठे आहेत?"

प्रोफेसरांचं तरी काय चुकलं? त्यांना वाटलं असणार की हे सगळं नाटक आहे, अर्जापुरतं उभं केलेलं. मी तोंड उघडलं, पण सांगायचं काय? की आम्हाला लाज वाटली? बसलेल्या माणसांकडे बघितलं तर प्रत्येकजण आपल्या बुटांकडे बघत होता. मला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी मायाही दाटून आली.

रेनाटा उठली आणि मागच्या दाराने निघून गेली. मला वाटलं, गेली बिचारी.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात मोठी टोपली होती. तिने एका मशीनवरची फुलं बाजूला केली, टेबलक्लॉथ ओढून काढला, झाकण उघडलं आणि टोपलीतली चादर बाहेर काढली. वास सगळ्या खोलीभर गेला. लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. एक चादर, दुसरी चादर, पायजमे, टॉवेल. एरवी ती हे सगळं उशीच्या अभ्र्यांत कोंबून आणायची आणि कोणाचं लक्ष जायच्या आत मशीनमध्ये टाकायची, हे आम्हाला त्या दिवशी समजलं.

"हे माझ्या सासऱ्यांचे कपडे," ती प्रोफेसरांना म्हणाली. "त्यांना झटका आला त्याला दोन वर्षं होऊन गेली. एक बाजू गेलीय. आवरत नाही त्यांना. रोज एवढं निघतं. मी त्यांना शब्द दिला होता की गावात कोणाला कळू देणार नाही." मग ती आमच्याकडे वळली. "म्हाताऱ्याचा स्वभाव तिरसट झालाय, कोणाला भेटत नाहीत, असं सांगत आले मी तुम्हाला. खोटं होतं ते."

तिच्या मागे बसलेल्या माणसांचे चेहरे बघवत नव्हते. कारण तिचा सासरा म्हणजे एमिल कोवारिक. हॅडलीच्या शाळेची बस चालवायचा. तिथे जन्मलेल्या, तीस ते साठ वयाच्या प्रत्येक माणसाला त्याने लहानपणी शाळेत नेलं होतं. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, बर्फाचं वादळ असो नाहीतर काही, बस वेळेवर. त्या माणसाला कोणी मळकं बघितलेलं नव्हतं.

रेनाटाने नाणी टाकली. मशीन सुरू झालं. "बाई," ती कोरीनला म्हणाली, "घ्या शिकवायला. वेळ सुरू झाला."

कोरीनने डोळे पुसले, पेन काढलं आणि मोकळ्या झालेल्या झाकणावर समीकरण लिहिलं. तेवढ्यात युलालियाचा नवरा उठून बाहेर गेला आणि गाडीच्या डिकीतून खाटीकखान्यातले रक्ताळलेले एप्रन घेऊन आला. मग एकेक करून बाकीचेही उठले. धुवायचं राहिलेलं थोडं थोडं सगळ्यांकडेच होतं, गाड्यांत दडवलेलं. मशीनं एकामागून एक सुरू झाली. धडा असा रंगला की प्रोफेसरांनी स्वतः हात वर करून उत्तर दिलं, आणि ते चुकलं. घड्या घालायची वेळ आली तेव्हा रेनाटाच्या चादरीचं दुसरं टोक युलालियाने धरलं. दोघी एकमेकींकडे चालत आल्या, टोकं जुळवली, परत मागे सरल्या. कोरीन विचारत होती, आता किती भाग झाले? आणि चष्मेवाल्या बाई वही उघडून भराभर लिहीत होत्या.

परीक्षकांना सोडून घरी जाताना मी गाडीत एकटीच गात होते.

पुरस्कार दुसऱ्याच कॉलेजला मिळाला. ड्रोनने शेतात फवारणी शिकवतात तिथे. आम्हाला एक छान पत्र आलं. परीक्षकांचं मन हेलावून गेलं होतं म्हणे, परंतु. त्या 'परंतु'च्या पुढचं मी वाचलंही नाही. इतकी वर्षं हे काम करतेय, 'परंतु' आला की पुढचं सगळं मला पाठ असतं.

ते पत्र घेऊन मी रेनाटाच्या घरी गेले. फोनवर सांगायचं जिवावर आलं होतं. तिने कॉफी दिली. मी सांगितलं, तिने ऐकलं, नुसती मान हलवली. तिला दुसरीच गोष्ट खात होती. त्या गुरुवारी संध्याकाळी तिने एमिलला सगळं खरं सांगितलं होतं, दुसऱ्या कोणाकडून कानावर जायला नको म्हणून. तेव्हापासून त्याने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. भरवलं तर खायचा, कूस बदलली तर बदलू द्यायचा, पण तोंड भिंतीकडे. "झाकली मूठ होती हो त्यांची," ती म्हणाली, "मी उघडली. आणि मिळालं काय?" आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. पलंगावर पाठमोरा म्हातारा दिसत होता, मान इस्त्रीच्या कॉलरीत. अजूनही ती त्याला रोज इस्त्रीचा शर्ट घालत होती. निघताना मी जरा मोठ्यानेच सांगितलं की बोर्डाची बैठक मंगळवारी आहे, कॉलेजवर, आणि ज्याला बोलायचंय त्याला तीन मिनिटं बोलू देतात. रेनाटाला सांगितलं. पण आवाज मोठा का केला, हे मला विचारू नका.

मंगळवारी बैठकीला कोरीन बोलली, आकडे घेऊन. डेल्मर स्टूर घड्याळ बघत होते. गेलन बोलला, तो घाबरून एकच वाक्य दोनदा बोलला. मी लिहून आणलेलं वाचलं, आणि वाचताना मलाच समजत होतं की हा पुन्हा एक अर्ज आहे. डेल्मर म्हणाले, सगळ्यांचे आभार, आता मताला टाकू या.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. युलालियाचा नवरा चाकाची खुर्ची ढकलत आत आला. खुर्चीत एमिल कोवारिक. पांढरा शर्ट, केस पाण्याने बसवलेले, एक हात मांडीवर निर्जीव. मागून रेनाटा, कोट उलटा घातलेला. तिच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं की म्हाताऱ्याचा हा बेत तिला तासाभरापूर्वीच कळला होता.

बोर्डावरचे निम्मे लोक हॅडलीकडचे. ते उठून उभे राहिले. कोणी सांगितलं नाही, पण उभे राहिले. डेल्मर साठीचे गृहस्थ, पण त्यांनी आधी शर्ट आत खोचला.

एमिलचं बोलणं जड झालं होतं. एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. तीन मिनिटं कधीच होऊन गेली, आणि घंटी वाजवायचं काम ज्या मुलीकडे होतं ती घंटीवर हात ठेवून नुसती बसून राहिली.

"मी बस चालवली," तो म्हणाला. "तुम्हाला माहितीये. कोणाचा बाप पैसेवाला. कोणाचा पिऊन पडलेला. कोणी उलटी करायचं. कोणी मारामारी करायचं. डेल्मर, तू रोज करायचास." कोणी हसलं नाही. "मी एका पोराला अर्ध्या रस्त्यात उतरवलं नाही. एकालाही नाही. तुलाही नाही." तो थांबला, श्वास घेतला. "ही माझी सून. माझी घाण धुता धुता शिकली. पोचतच आलीय. तिला इथे उतरवणार आहेस का तू?"

डेल्मर स्टूर यांनी चष्मा काढला. बियाण्यांचा एवढा मोठा व्यापारी, पण उत्तर देताना आवाज दहा वर्षांच्या पोराचा निघाला. "नाही, मिस्टर कोवारिक."

मग मत घेतलं. हात मोजावे लागले नाहीत. वर्ग राहिला. कोरीन रडत होती, हॅस्किन्स साहेब तर तिच्यापेक्षा जास्त. रेनाटा मात्र खुर्चीशेजारी गुडघे टेकून बसली होती, म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत, कारण इतक्या आठवड्यांनी तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला होता. त्याने चांगला हात तिच्या खांद्यावर ठेवला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "चल पोरी, घरी चल. माझी पँट बदलायला झालीय."